खारूला काय सांगायचे, आणि बाकीची मालमत्ता

मी, खाली सही करणारी, या गल्लीतले लहानथोर जिला नुसते 'बाई' म्हणतात ती, वय बहात्तर, व्यवसाय बालवाडी चालवणे, राहणार बालवाडीच्याच वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता लिहून ठेवत आहे. मी शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मी चिडलेली असल्याचा दाखला घरातले कोणीही देईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असते तर या महिन्यात फाडले असते.

मसुदा वकीलसाहेबांच्या हातचा असला तरी शब्द माझे आहेत. हे वकीलसाहेब माझ्याच बालवाडीतले. लहानपणी चावायचे. कोणी त्यांच्या लाकडी गाडीला हात लावला की समोरच्याच्या दंडावर दातांचे वळ. आज तेच मला सांगतात, "बाई, मृत्युपत्रात मालमत्ता लिहितात, भावना नाही लिहीत." मी म्हटले, "तुझं चावणं मी मारून थांबवलेलं नाही. 'मला राग आलाय' एवढं तुला तोंडाने म्हणता यायला लागलं, तेव्हा ते आपोआप थांबलं. आता मुकाट्याने लिही." तर ते लिहीत आहेत.

कलम १. घराचा वरचा मजला माझा मुलगा व सून यांना समसमान. खालचा हॉल, ज्याच्या खिडक्या मी गवंड्याशी हुज्जत घालून मुलांना उभ्याने बाहेर बघता येईल इतक्या खाली आणल्या, तो मदतनीस ताईंनी बालवाडीसाठी वापरावा. त्या चालवतील तोपर्यंत त्यांना कोणी उठवू नये. त्यानंतर तो माझ्या नातीचा. चिरंजीवांनी तिथे गाडी लावू नये. टेप घेऊन ते हॉलची लांबी मोजत होते, हे मी जिन्यातून पाहिले आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते माझी नात, जिला सगळे खारू म्हणतात, तिच्या नावे. ती सज्ञान होईपर्यंत सूनबाईने सांभाळावे. त्यातला एक पैसाही मुलांना भावना शिकवण्याची हमी देणाऱ्या कोणत्याही क्लासवर खर्च होऊ नये.

हे का, तेही लिहिते. गेल्या वर्षी एक सद्गृहस्थ प्रवेशासाठी आले. म्हणाले, "बाई, हल्ली भावनिक बुद्धिमत्तेला फार महत्त्व आहे म्हणे. मोठ्या शाळेच्या मुलाखतीआधी होईल ना पूर्ण?" त्यांचा मुलगा त्यांचा शर्ट ओढत होता. बाबा, बाबा, बाबा. "थांब रे जरा, बाई काय सांगतायत ते ऐकू दे." मी म्हटले, "आधी तो काय सांगतोय ते ऐका. माझा अभ्यासक्रम तेवढाच आहे." त्यांना ते अपमानासारखे वाटले. दुसरीकडे गेले. मुलाला शू लागली होती.

कलम ३. बालवाडीतली बुटकी स्टुले, पाण्याचा टब, मुलांनी रागावल्यावर बुकलायची उशी आणि जादा चड्ड्यांचा डबा ताईंना. डब्याबद्दल एक अट आहे. कोणाची चड्डी ओली झाली तर ती बदलताना 'एवढा मोठा घोडा झालास' वगैरे म्हणायचे नाही. चड्डी बदलायची, विषय संपला.

हसऱ्या, रडक्या आणि रागीट चेहऱ्यांचा रंगीत तक्ता मात्र मोठ्या रस्त्यावरच्या शाळेला परत करावा. तिथे मी दोन वर्षे नोकरी केली. रोज सकाळी प्रत्येक मुलाने आपल्या नावाचा चिमटा आपल्या मनासारख्या चेहऱ्याला लावायचा, अशी पद्धत होती. पद्धत वाईट नव्हती. पण हसऱ्या चेहऱ्याला चिमटा लावणाऱ्याला त्यांनी चमकता तारा द्यायला सुरुवात केली. आठवडाभरात सगळे चिमटे हसऱ्यावर! ज्या मुलीचे आईवडील त्याच महिन्यात वेगळे झाले होते, तिचासुद्धा. पर्यवेक्षिकाबाई वर्गात येऊन म्हणाल्या, "बघा, एकही मूल उदास नाही." मी म्हटले, "बाई, तुम्ही तीन वर्षांच्या पोरांना खोटं बोलायला शिकवलंत, तेही बक्षीस देऊन." त्याच दिवशी मी राजीनामा दिला. तक्ता निघताना चिडून उचलून आणला होता, एवढाच काय तो माझ्याकडचा चोरीचा माल.

कलम ४. माझे दीर हयात आहेत. त्यांना दिवाणखान्यातली हाताची खुर्ची. माझे यजमान गेले त्या दिवशी ते याच खुर्चीत बसले आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलाला समोर उभे करून म्हणाले, "आता तू घरातला कर्ता पुरुष. डोळ्यांत पाणी दिसता कामा नये." मुलाने मान हलवली. जमलेली सगळी माणसे म्हणाली, किती समजूतदार पोरगं. मी त्याला जवळ घेऊन रड म्हणत राहिले, भांडले, लोकांना घराबाहेर काढले, पण एवढ्या कौतुकापुढे माझे एकटीचे काय चालणार? समजूतदार या शब्दाचा मला तेव्हापासून तिटकारा आहे. मोठ्यांना त्रास देत नाही ते मूल समजूतदार, एवढाच त्याचा अर्थ मी आयुष्यभर पाहिला. दिरांनी खुर्ची घेऊन जावी. टेम्पोचे भाडे त्यांचे.

तो मुलगा आता चांगला कर्ता पुरुष झाला आहे. प्रेमळ आहे, कष्टाळू आहे, मला औषधे घड्याळ लावून देतो. पण घरात कोणी रडू लागले की हा पाणी आणायला पळतो, नाहीतर गळका नळ दुरुस्त करायला घेतो. सगळ्या गल्लीची पोरे माझ्याकडे शिकली आणि माझ्या घरात हे असे. याचा मला किती संताप येतो, ते या कागदावर मावणार नाही.

कलम ५. हे मुख्य कलम आहे. बाकीची नाही वाचली तरी चालतील.

उन्हाळ्यात खारूचे मांजर गाडीखाली गेले. चिरंजीवांनी तिला सांगितले, मांजर त्याच्या आईकडे गेले. झाले! खारू रोज फाटकाशी दुधाची बशी ठेवू लागली. पुढे सूनबाई दोन दिवस माहेरी निघाली आणि सहज म्हणाली, "मी आईकडे जाऊन येते हं." खारूने तिच्या पायांना जी मिठी मारली, ती सोडवताना दोघींच्याही अंगावर ओरखडे उठले. साडेचार वर्षांचे पोर, आईकडे गेलेले परत येत नाही हे तिने बरोबर ताडले होते. चिरंजीव म्हणाले, "हट्टी झालीये फार."

आता माझी पाळी आहे. मोठ्या डॉक्टरांनी जे सांगायचे ते स्पष्ट सांगितले आहे. घरात मात्र खारूसमोर मला 'थोडा अशक्तपणा' आहे. मी गेल्यावर तिला 'आजी लांबच्या सहलीला गेली' असे सांगायचे ठरले आहे. मला न विचारता! माझ्याच मरणाबद्दल!

तरी मी लिहून ठेवते. खारूला सहल सांगायची नाही. झोप सांगायची नाही, नाहीतर ती पुन्हा निवांत झोपणार नाही. 'आजी मेली, तिचं शरीर थांबलं, ती परत येणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही' असे सांगायचे. ती रडली तर रडू द्यायचे. हसली, खेळायला गेली, तरी कोणी भुवया उंचावायच्या नाहीत. पुन्हा पुन्हा विचारील, तितक्या वेळा तेच उत्तर द्यायचे. हे जमत नसेल तर वरचा मजलाही मिळणार नाही, असे मी लिहायला सांगितले होते. वकीलसाहेब म्हणाले, अशी अट कोर्टात टिकणार नाही. चिरंजीव म्हणाले, "आई, लहान आहे गं ती, एवढं खरं तिला कशाला?"

कलम ६. वरील कलम ५ रद्द. कारण खालीलप्रमाणे.

आज दुपारी साक्षीदार जमले, सही व्हायची होती, तेवढ्यात खारू खालच्या बालवाडीतून वर आली. इतकी माणसे बघून माझ्या खाटेवर चढली आणि विचारले, "आजी, तू बरी कधी होणार?"

चिरंजीवांनी तोंड उघडले. मी हात वर करून त्यांना थांबवले, आणि वर लिहिलेले सगळे तिला स्वतःच सांगितले. मी होणार नाही बरी, म्हटले. मी मरणार आहे.

ती बराच वेळ माझ्या बांगडीशी चाळा करत राहिली. मग तिने माझी उशाशी ठेवलेली कंगव्याची पेटी भिरकावली. "मग मी तुझ्याशी कट्टी."

"बरं."

"तू मेलीस तरी कट्टीच."

"चालेल."

"मेलेल्या माणसावर रागावलं तर चालतं?"

"चालतं. हवं तितके दिवस रागाव."

तेव्हा दाराशी उभे असलेले चिरंजीव, वय पंचेचाळीस, खालच्या आवाजात म्हणाले, "आई, बाबांवर पण?"

मी हो म्हणाले.

कलम ७. माझी नात व माझा मुलगा या दोघांना, आम्ही त्यांना सोडून गेलो याबद्दल, अनुक्रमे माझ्यावर व माझ्या यजमानांवर रागावण्याचा आणि रडण्याचा पूर्ण व निर्वेध हक्क मी या लेखाने देत आहे. या हक्काला मुदत नाही. तो माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून लागू आहे. वकीलसाहेब म्हणतात, कायद्यात असा हक्क नाही. नसू दे.

हे लिहीत असताना दोन्ही हक्कदार आतल्या खोलीत आहेत. सूनबाई त्यांच्याजवळ आहे. त्यांचा आवाज इथपर्यंत येतो आहे, माझ्या मुलाचा जास्त मोठा. वकीलसाहेब दार लोटायला उठले होते. मी त्यांना खाली बसवले.

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: बाई

आमच्या समक्ष सही झाली. साक्षीदार:
१. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई
२. समोरच्या दुकानातले शिंपीकाका (चष्मा पुसून सही केली)

स्थळ: बालवाडीच्या वरची खोली
दिनांक: आजचा. दार उघडे असताना.