उजवीकडची खुर्ची

प्रिय राणीसरकार,

आधीच सांगते, तुझं गुपित मी फोडलंय. काय रागवायचं ते रागव. शाळेपासून पोटात ठेवलं होतं. कॉन्व्हेंटच्या मदरनी हाक मारली की तू ढिम्म, म्हणून तळहातावर पट्टी खाल्लीस, वर्गाने 'राणीसरकार' नाव पाडलं, पण डावा कान जन्मापासून बंद आहे हे काही कबूल केलं नाहीस. मी आपली शाळेत तुझ्या उजवीकडच्या बाकावर, नोकरीत उजवीकडच्या टेबलाशी, मग आपल्या घरात उजवीकडच्या खुर्चीत. लोकांना वाटायचं, माझाच हट्ट.

अर्धांगाचा झटका येऊन तू पडलीस तेव्हा अँब्युलन्समध्ये मीच होते. वॉर्डाच्या दाराशी मात्र 'घरचं कोण?' म्हणाले आणि मी बाजूला सरले. मी! मग तुझा भाचा आला. सिस्टरने त्याला स्टुलावर बसवून विचारलं, घरात कोण कोण, आत्या खातात काय, घाबरतात कशाला, ऐकायला-दिसायला ठीक ना. वर्षातून एकदा फुलं घेऊन येणारा तो म्हणाला, आत्याचे कान खणखणीत. त्याचा तरी काय दोष, त्यालाही तू फसवलंसच. मी तोंड उघडलं तर म्हणतो, "मावशी, जरा घरच्यांचं चाललंय." मावशी म्हणायचं आणि घरच्यांतून वगळायचं.

तुझी खाट उजवीकडून भिंतीला टेकलेली. डॉक्टर, सिस्टर, भाचा, सगळे डावीकडून बोलायचे. बोलणं गेलेली तू भिंतीकडे बघत राहायचीस. त्यांनी ठरवलं, समज गेली. शब्दकोड्यात मला कधी जिंकू न देणाऱ्या बाईची म्हणे समज गेली!

मी बाहेरच्या बाकावर बसून असायची. परवा तीच सिस्टर शेजारी टेकली. म्हणाली, "तुम्ही रोज येता. त्यांच्याबद्दल आम्हाला न कळलेलं काही आहे का?" मी कानाचं सांगितलं. रडलेही, ते कुणाला कळता कामा नये. तिने खाट ओढली, मला भिंतीलगतच्या फटीत उभं केलं. मी तुझ्या उजव्या कानात म्हटलं, "राणीसरकार, उठा, चहा गार होतोय." तुझ्या डाव्या हाताने माझी बाही पकडली, ती सोडवेना.

पण भाच्याने त्याच्या घराजवळच्या शुश्रूषागृहात जागा आधीच पक्की केली होती. सिस्टरने समजावलं, मी हात जोडले. मी, हात! तो म्हणाला, आत्याला आता घरच्यांजवळ ठेवतो. उद्या नेतोय. तिथे भेटीला घरचेच.

सिस्टर हे पत्र तुझ्या पिशवीत सगळ्यात वर ठेवणार आहे. तुला वाचता येणार नाही, कुणीतरी वाचून दाखवेल. तर बाई, हे हातात धरलेल्या तुम्ही, ज्या कोणी असाल: तिची उजवी बाजू भिंतीला लावू नका. तिथे खुर्ची ठेवा. त्या खुर्चीत बसा आणि हे पुन्हा पहिल्यापासून वाचा. डावीकडून वाचलं असेल, तर तिने यातलं अक्षरही ऐकलेलं नाही.

तुझीच,
उजवीकडची