एकतीस नावांचं पान

सोमवार, २ फेब्रुवारी २०२६

चार वर्षांनी आज माडिया बोललो. अकरा शब्दांचं वाक्य, एकही चूक नाही. समोरून उत्तर मात्र आलं नाही.

सकाळी दहा-वीसला तहसील कचेरीसमोर अर्ज भरून द्यायचं टेबल मांडत होतो, तर एक वकीलबाई आल्या. वल्लरी नाव, वय सव्वीसच्या पुढे नाही. "काका, गडचिरोलीची भाषा येणारे तुम्हीच ना?" मी म्हटलं, गडचिरोलीची भाषा अशी एक नसते. मला माडिया येते. अकरा वर्षं भामरागडकडच्या आश्रमशाळेत लिपिक होतो. कुणी शिकवली नाही, पोरांच्या तोंडून ऐकून शिकलो. दोन हजार तीनशे चौदा शब्दांची वही आहे माझ्याकडे. शेजारचा झेरॉक्सवाला ओवेस लगेच — "मॅडम, काकांना एक सवाल विचारा, ते अख्खी किताब देतात!"

दुभाष्या म्हणून त्यांच्याबरोबर मुलींच्या बालगृहात गेलो. जिच्याशी बोलायचं ती मुलगी तळोज्याला एका कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी चिकटवत होती. मुकादमाने आणलेली. तपासणीत सापडली, फोटो गडचिरोली पोलिसांना पाठवल्यावर तिकडून निरोप आला — ही जंगलातल्या नक्षलवाद्यांच्या हत्यारी दलममध्ये होती, तिथून पळालेली आहे. गेल्या चौदा ऑगस्टच्या चकमकीचा गुन्हा तिच्यावर आहे.

मी बोललो. ती गप्प. तिथं मुलींना सांभाळणाऱ्या हौसाबाई, आपटा गावच्या, म्हणाल्या, "बोलत नाय ती. जेवते, भांडी घासते, दाराकडं तोंड करून बसते. आमी काय मारतो का तिला?"

निघताना लक्षात आलं — ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. खिशाकडे बघत होती. खिशात नेहमीची दोन पेनं. निळं आणि लाल.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज बोलली. पहिले शब्द — "लाल पेन." मराठीत!

मग गाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं. आणि मला ओळख पटली. मैनी. २०१३ च्या जूनमध्ये मोठ्या भावाच्या सदऱ्याचं टोक धरून आली होती, ते टोक तिने दिवाळीपर्यंत सोडलं नव्हतं. (मुलीचं नाव कुठे लिहायचं-बोलायचं नाही, वकीलबाईंनी बजावलंय. ही वही कपाटाबाहेर जात नाही.)

तिने मला सोमवारीच ओळखलं होतं. दोन दिवस गप्प बसून पारखत होती.

जे सांगितलं ते शब्दाला शब्द ठेवून मराठीत सांगत गेलो. करोनात शाळा बंद, सगळी पोरं घरी. दलमवाले गावात आले. प्रत्येक घरातून एक पोर द्या म्हणाले. भाऊ नांगर धरणारा, तो गेला तर घर उपाशी. म्हणून ही गेली. "पहिल्या वर्षी गाणी म्हणायला लावली. मग ओझं दिलं. मग बंदूक." गेल्या सप्टेंबरात पाणी आणायला म्हणून निघाली ती परत गेलीच नाही.

वल्लरीने विचारलं, "शाळेतून कुणी बघायला आलं नाही, तू का येत नाहीस म्हणून?"

मला हा प्रश्न माडियात विचारावा लागला. मैनीने माझ्याकडे बघितलं. "हिल्ले."

मी मराठी केलं — नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

काम होत नाही. एका उत्पन्नाच्या दाखल्यावर तालुका चुकीचा लिहिला. मी!

आठवतंय सगळं. फेब्रुवारी २०२२, शाळा पुन्हा सुरू. चारशे सहापैकी सतरा पोरं परत आली नाहीत. महिनाभर गैरहजेरी मांडली आणि नियमाप्रमाणे लाल पेनने शेरा मारला. सतत गैरहजर, नाव कमी. पट्टी ठेवून सरळ रेघ. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, एवढं स्वच्छ रजिस्टर अख्ख्या आदिवासी प्रकल्पात नाही. ते वाक्य मी इथे येऊन किती जणांना सांगितलं असेल!

मुख्याध्यापक काशिराम सर म्हणाले होते, "गेली असतील जंगलात. आपण काय करणार?" आणि मी मान हलवली होती.

मैनीचं गाव शाळेपासून नऊ किलोमीटर. माझ्याकडे सायकल होती.

रविवार, ८ फेब्रुवारी

काही नाही. रविवारी बालगृहात भेट नसते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

तिकडून पोलीस आले. दोघे, सोबत शाळेच्या रजिस्टरचा उतारा. बाल न्याय मंडळापुढे ठेवला. मुलगी गुन्ह्याच्या दिवशी अज्ञान असेल तर इथे राहील, शिकेल, तिचं प्रकरण मुलांच्या कायद्याने चालेल. सज्ञान असेल तर ते घेऊन जाणार, मोठ्या बायकांच्या तुरुंगात. आणि मैनी म्हणते तिकडे नेलं तर मी संपले. दलमचे लोक तुरुंगातही निरोप पाठवतात, पळालेल्याला सोडत नाहीत.

उतारा बघितला. अक्षर माझं.

क्रमांक ४१. जन्मतारीख ०१/०६/२००७.

मंडळाच्या बाईंनी विचारलं, म्हणजे त्या दिवशी वय किती होतं? कुणी मोबाइल काढायच्या आत मी बोलून गेलो — अठरा वर्षं, दोन महिने, तेरा दिवस. बोलून गेलो! हिशोब बरोबर आला याचं एक क्षण बरंही वाटलं मला. वल्लरीने डोळे मिटून घेतले.

खरं काय ते इथे लिहितो. मैनी शाळेत आली तेव्हा चार वर्षांची होती. पहिलीचा पट भरत नव्हता. काशिराम सर म्हणाले, "लिहा सहा. पोरगी दोन वेळ भात खाईल, भावाजवळ राहील. कुणाचं काय बिघडतं?" लिहिलं. कुणाकडेच जन्माचा कागद नव्हता, म्हणून सगळ्यांना एक जून. वर्ष सोयीचं. क्रमांक १२ ते ४२, एकतीस नावांचं पान, तीस जणांचा वाढदिवस एक जून.

एकच तारीख वेगळी. शेवटचा, क्रमांक ४२, लालसू. त्याची आई भाताच्या मडक्यात जपलेली नर्सबाईंची चिठ्ठी घेऊन आली होती. १९/०९/२००७. ती तारीख लिहिताना हात किती खुशीत चालला होता!

त्याच गुन्ह्यात लालसूही पकडलेला आहे, पोलिसांनी सांगितलं. पण तो तिकडे मुलांच्या निरीक्षणगृहात आहे. गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय सतरा वर्षं, दहा महिने, सव्वीस दिवस. निदान ती एक नोंद कामाला आली.

बाहेर आल्यावर वल्लरीला म्हटलं, हाडं तपासून वय कळतं ना? म्हणाली, "काका, शाळेचा दाखला असला की हाडं तपासत नाहीत. आधी कागद बघतात. आणि कागद तुमचा आहे."

गुरुवार, १२ फेब्रुवारी

वल्लरी म्हणते, प्रतिज्ञापत्र द्या. ही तारीख मी अंदाजाने लिहिली, एवढंच. मग शाळेची नोंद बाजूला ठेवा म्हणून मागता येईल. काशिराम सर वारले, दुसरा साक्षीदार कुणी नाही.

घरी सांगितलं. अरुंधती पोळ्या लाटायची थांबली. "अहो, स्वतःच्या हाताने लिहून देणार, मी खोटं लिहिलं म्हणून? उद्या तुमच्याकडे फॉर्म भरायला कोण येईल?" मग दोन पोळ्या झाल्यावर, "आणि नाही दिलं तर?"

टेबलाच्या पाटीवर लिहिलंय — अचूक अर्ज भरून मिळतील. ओवेसला कुठून तरी कळलंय. म्हणाला, "काका, चूक कबूल करायचा फॉर्म नाही का तुमच्या गठ्ठ्यात?" हसलो नाही. मग तोच चहा घेऊन आला. "मजाक केला काका. दिल पे मत लो."

सोमवार, १६ फेब्रुवारी

बालगृहात. मैनी ओट्यापाशी भाकरी थापत होती. हौसाबाई — "थापते बरी, पण गोल नाय! नुसता नकाशा हाय." मैनी हसली. मराठी सगळं कळतं तिला, बोलायला वेळ लागतो.

मला बाजूला घेऊन तिने विचारलं, माझं नाव परत लिहाल?

कशात, म्हटलं.

शाळेत. तुम्ही खोडलं ना? तिने हवेत बोटाने आडवी रेघ मारून दाखवली. तिला कुणी सांगितलं असेल? की नाव खोडल्याची बातमी नऊ किलोमीटर गेली, आणि मी गेलो नाही?

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. ती म्हणाली, पेन तर आहे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

प्रतिज्ञापत्र दिलं.

वल्लरीचा मसुदा अर्ध्या पानाचा होता, फक्त क्रमांक ४१ बद्दल. वाचला आणि बाजूला ठेवला. म्हटलं, एवढंच लिहिलं तर वाटेल बाकीचं पान बरोबर आहे. मग सांगतील, एवढ्या नेटक्या पानावर एकच चूक कशी होईल? आणि खरंही ते नाही. एकतीसपैकी तीस तारखा मी अंदाजाने आणि सोयीने लिहिल्या. फक्त ४२ कागद बघून.

"काका, एक्केचाळीसच लिहा. लागतं तेवढंच."

"अर्धवट खरं मी लिहीत नाही."

"हट्ट कशाचा आहे हा?"

हट्ट कशाचाही नाही. लिहायचं तर पूर्ण लिहायचं, एवढंच. स्वतः लिहिलं, तीन पानं, प्रत्येक क्रमांक आणि त्याची तारीख. एकही खाडाखोड नाही. वल्लरीने वाचलं, "अक्षर छान आहे," म्हणाली, आणि सही करायला पेन दिलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

मंडळाने ऐकून घेतलं. मला उभं करून विचारलं, "म्हणजे हे रजिस्टर तुम्हीच विश्वासार्ह नाही म्हणता?" म्हटलं, हो. ऐकू आलं नाही म्हणाले, पुन्हा म्हणावं लागलं. हो.

हाडांच्या तपासणीचा हुकूम झाला.

मैनी जाताना विचारत होती, हाडं कशी तपासतात, कापतात का? एक्स-रे म्हणजे हाडांचा फोटो, हे तिला समजावताना फोटोसाठीचा माडिया शब्द आठवेना. दोन हजार तीनशे चौदामध्ये तो नाहीच. हाताने दाखवलं.

सोमवार, ९ मार्च

सोळा ते अठरा! अज्ञान! इथेच राहणार!

पोलीस रिकाम्या हाताने परत गेले. हौसाबाईंनी सगळ्यांना गूळ वाटला. वल्लरी रडत होती आणि फोनवर बोलत होती, दोन्ही एकदम.

आठवीच्या प्रवेशाचा अर्ज मीच भरला. जन्मतारखेच्या रकान्यापाशी थांबलो. मैनीला विचारलं, आई काय सांगायची? म्हणाली, मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाले. मोहफुलाला तारीख नसते. तो रकाना कोरा ठेवून मंडळाच्या हुकमाची प्रत जोडली. आयुष्यात पहिल्यांदा अर्ज अपुरा दिला.

नाव मात्र लिहिलं. निळ्या पेनने. तिने शेजारी उभं राहून अक्षर न् अक्षर बघितलं.

लाल पेन घरी ठेवलं आहे.

गुरुवार, २ एप्रिल

दुपारी तीन-दहाला वल्लरीचा फोन.

तिकडच्या कोर्टात लालसूच्या वयाचा प्रश्न पुन्हा निघाला. सरकारी वकिलांनी माझं प्रतिज्ञापत्र ठेवलं. एकतीसपैकी तीस तारखा लिहिणाराच खोट्या म्हणतो, तर एकतिसावी खरी कशी मानायची? नर्सबाईंची चिठ्ठी मागितली. ती मी त्याच दिवशी त्याच्या आईला परत दिली होती, आणि त्यांचं घर तीन वर्षांपूर्वी जळालं. हाडांची तपासणी झाली. अठरा ते वीस. काल त्याला मोठ्यांच्या तुरुंगात हलवलं.

१९ सप्टेंबर २००७. चिठ्ठी दोनदा वाचून लिहिली होती मी.