शेजारी नसलेल्या घरातून

फुलचूर, मंगळवार

प्रिय नूतन,

धाकट्या बहिणीला मोठीचे आशीर्वाद. तुझे गुडघे आणि कोहमाऱ्याचा ढाबा, दोन्ही चालत असतील अशी आशा. मी जिवंत आहे. हे वाक्य मी सहज लिहिलेलं नाही.

गोंदियात दोन खोल्यांचं भाडं परवडेना (खासगी शाळेत जन्म घालवला, पेन्शन म्हणून शाल-नारळ मिळाला), म्हणून हे सरकारी भाड्याचं घर घेतलं. इमारत भरलेली. प्रत्येक दाराशी चपला, दोरीवर ओल्या साड्या, उंबऱ्यापुढे ताजी रांगोळी. फक्त माणूस दिसेना. मी हसऱ्या चेहऱ्याने दारं ठोठावली (हो, मला हसता येतं). कोणी उघडेना. चपला मात्र रोज जागा बदलत. एका कुलूपबंद दारामागे रेडिओ हळू वाजे. नन्सच्या शाळेत वाढलेली मी, भुतंबितं मानत नाही; तरी जिना चढताना शाळेतली प्रार्थना मोठ्याने म्हणू लागले.

शेवटी एका सकाळी प्रेमिला नावाची बाई सापडली, हातात साड्यांची बादली. घरं ज्यांच्या नावावर, ती मंडळी गावी आपापल्या धानाच्या शेतावर. घर रिकामं दिसलं तर सरकार दुसऱ्याला देतं, म्हणून ही बाई सगळ्यांचे संसार मांडत फिरते!

"लाज नाही वाटत? गरजू माणसं भाड्यापायी मरताहेत!"

"माह्यावर काऊन भडकता बाई? मी तं साड्या वाळू घालून राहिली."

"आणि तो रेडिओ?"

तिने बादली खाली ठेवली. "कोनता रेडिओ? मी तं नाही लावत."

शनिवारी मी बाजारात असताना तपासणी झाली. सगळी घरं वसलेली ठरली, माझं एकटीचं रिकामं! माझ्या चपला आत कपाटात, कपडे आतल्या खोलीत (नन्सची शिस्त), रांगोळी मला येत नाही. दारावर नोटीस. काल कार्यालयात गेले.

"वो मकान खाली है, मॅडम," साहेब म्हणाले.

"मग मी कुठे राहते?"

"पडोसी से लिखवाके लाओ." आणि माझ्या आरपार बघत, "अगला!"

येत्या सोमवारी घर दुसऱ्याला जाईल.

तुझी,
सुशिलाताई

ता. क. समोरच्या घराची किल्ली प्रेमिलाकडे आहे. आठवडाभर ये आणि माझी शेजारीण हो. ती लबाडी मी वर कोणत्या शब्दांत झोडपली, ते वाचू नकोस.

ता. क. खोटी साक्ष म्हणून कुरकुरू नकोस. मला इथे राहताना कोणीतरी पाहायला हवं गं. कालपासून माझीच खात्री पटेनाशी झाली आहे.