बाळंतिणीचा पांढरा भात

९ जानेवारी १९३४, रत्नागिरी

शेक, धुरी, तेल. माहेरपण म्हणजे खोलीतली कैदच. बाळीला दोन महिने उलटून गेले. माझे पाय अजून जड, मुंग्या येतात, चिमटा काढला तरी धड कळत नाही. आईला सांगितले तर म्हणाली, "बाळंतपण आहे गो, पाय जड व्हायचेच."

जेवण तेच. भात, तूप, मीठ. डाळ वातूळ, भाजी थंड, म्हणून दोन्ही बंद. आप्पांनी बंदरावरून रंगूनचा गिरणीचा तांदूळ आणलाय, पांढराशुभ्र, खास माझ्यासाठी. बाकीच्यांना घरचा लाल, हातसडीचा. वहिनी माझ्या पानाकडे बघत असते. घे बाई, तूच खा, असे तोंडावर येते.

१३ जाने.

बाळीने दूध टाकले. रडते, पण आवाज घोगरा. आईने मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या.

बंडूचा आवाज असाच बसला होता. माझा पहिला मुलगा, याच खोलीतला. शेवटी तोंड उघडे, चेहरा लाल, आणि आवाज नाही. तिसरा महिना पुरा झाला नाही. सगळे म्हणाले, दृष्ट. मीही म्हणाले.

या खेपेस म्हणणार नाही.

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ डब्यातच राहिला. आप्पांपाशी हट्ट धरला, डॉ. हवेत. आई म्हणाली, "बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष?" आप्पा पगडी घालून गेले आणि डॉ.ना घेऊनच आले.

डॉ.नी बाळीची छाती ऐकली. मग माझी पोटरी दाबली. मी किंचाळले.

"जेवायला काय घालता?"

आईने मोठ्या अभिमानाने सांगितले, "गिरणीचा तांदूळ. तीन पाण्यांनी धुत्ये, पेज वेळून टाकत्ये. ताटात लाल कण दिसायचा नाही."

"धुण्याचं पाणी, पेज, कोंडा?"

"म्हशीला."

"म्हैस ठणठणीत असेल."

मला हसू आले आणि लगेच रडू. डॉ. म्हणाले, याला बेरीबेरी म्हणतात. तांदळाच्या वरच्या सालीत एक व्हिटॅमिन असते. थोडे गिरणीत जाते, उरलेले पाण्याबरोबर. "दूध भरपूर आहे हो, पण आईच्या अंगातच ते व्हिटॅमिन नाही, तर दुधात कुठून येणार?" तूर्त अंगावर पाजणे बंद. गाईचे दूध पाणी घालून, आणि त्यांच्या बाटलीतला कोंड्याचा अर्क थेंब थेंब. मला लाल भात पेजेसकट, कुळीथ, मूग.

ते गेल्यावर आई कडाडली, "माझ्या लेकीला कोंडा? जग काय म्हणेल?"

१५ जाने.

आईने पुन्हा पांढराच भात वाढलान. मी पान सरकवले. ती म्हणाली, "बाळंतिणीने उपाशी राहू नये." मी म्हटले, मग लाल वाढ. दोघी हट्टी, कुणाला सांगणार! शेवटी वहिनीने आपले पान उचलून माझ्यापुढे ठेवलेन आणि माझे घेऊन गेली. आई भिंतीकडे तोंड करून बसली.

बाळी निपचित. छाती भरून आलीय आणि पाजायचे नाही. तिला दुसऱ्या खोलीत नेले तरी पान्हा थांबत नाही.

१६ जाने.

अर्क चालू. देवा, हिला ठेव. बाकी काही मागत नाही.

१८ जाने.

रडली! खणखणीत, ओटीवर ऐकू जाईल अशी. आप्पा कचेरीला निघालेले, चपला न काढता आत आले. मी रडत बसले, वहिनी हसत. आई मात्र उठून परसात गेली.

२२ जाने.

बाळी चांगली आहे. पायांना थोडे कळू लागलेय. आजपासून पुन्हा अंगावर.

आई स्वतः भात कांडते आहे. वहिनीला मुसळाला हात लावू देत नाही. रंगूनच्या पोत्याचे तोंड बांधून टाकलेन.

२५ जाने.

बाळीला पाजत होते. आई समोर येऊन बसली. बाळीचे दुपटे सारखे करत म्हणाली, "बंडूच्या वेळी पण तांदूळ तोच होता ना गो?"

तोच होता. तीच हौस, तीच तीन पाणी. घरातला सगळ्यात चांगला घास तिने मला भरवलान. तिच्या गळ्यात पडून रडावेसे वाटले. आणि खरे लिहायचे तर, रागही आला. कुणाचा ते कळत नाही.

म्हटले, "दृष्टच असेल, आई."

"तुला आता पटतं का ते?"

उद्या डॉ. बाळीला बघायला यायचे आहेत. आई म्हणते, बंडू यानेच गेला का, ते त्यांनाच विचारीन. आप्पांकरवी आधी निरोप धाडावा का, तिने विचारलेन तर 'नाही' म्हणा म्हणून? कागद पुढ्यात घेऊन बसल्ये. आई माजघरातून दोनदा म्हणाली, जेवायला ये, पेज निवते.