चढावर सुटलेला क्लच

दादा,

तू शिकवलेलं ट्रक चालवणं मी आज सोडलं. चढावर माझा कृत्रिम पाय क्लचवरून घसरला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे गेली. मागच्या स्कूटरवाल्या बाई जेमतेम वाचल्या. स्कूटर तिथंच टाकून त्या रस्त्याच्या कडेला जाऊन बसल्या.

मी किल्ली मालकांपुढे ठेवली.

"एवढ्यानं घाबरलास?"

"पायाला पेडल कळतच नाही, शेठ. इतकी वर्षं अंदाजानं दाबतोय."

घरी सांगितलंय, गाडी गॅरेजला आहे.

माझा पाय गेला तेव्हा स्टिअरिंगवर तू होतास, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तरी तू घरी यायचा थांबलास. हे पत्रही पाठवणार नाही. वाचून स्वतःलाच खात बसशील. पण दादा, मला दुसरं कुठलंच काम येत नाही रे.

तुझा धाकटा