जो हळू, तो आधी

कारंजा (घाडगे)
६ जुलै २०२५

चि. मंजुषा हिस, विमलआत्याचे अनेक आशीर्वाद.

जानेवारीपासून तू माझा फोन उचलला नाहीस. हे पत्र त्याबद्दल नाही, तेव्हा वाचायच्या आधी फाडू नकोस.

परवा तुझे बाबा येऊन गेले. पुंडलिकभाऊ म्हणे, पोरगी सावंगीत खोली करून राहते, गुडघ्याच्या व्यायामाला जाते आणि उरलेला दिवस मोबाइलवर राक्षस झुंजवत बसते. "तूच समजाव तिले," असं सांगून चहा पिऊन गेले. मी काही समजावणार नाही. पस्तीस वर्षं पोरींना कबड्डी शिकवली, पण राक्षसांचा संघ कसा बांधतात ते मला ठाऊक नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. किती गडी असतात? बदली खेळाडू असतात का? कोण आधी मारणार हे कोण ठरवतं? नीट लिही. मला कमी समजतं असं धरून लिहिलंस तरी चालेल.

इकडे सगळे बरे. सोयाबीन चांगलं उगवलं आहे. लिहावंसं वाटलं तरच लिही, पण वाटू दे.

तुझी,
विमलआत्या


सावंगी (मेघे)
१२ जुलै २०२५

ती. स्व. विमलआत्यास, मंजुषाचा शि. सा. न. वि. वि.

फाडलं नाही. दोन दिवस उशीखाली ठेवलं, मग वाचलं.

माझ्यासोबत स्वीटी उईके राहते, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेशननंतर मी भिंतीकडे बघत पडलेली असायची, तेव्हा तिनेच हा खेळ मोबाइलात टाकून दिला. नाव 'भिडंत'. आपण सहा जीव निवडायचे. समोरच्याचे सहा बघून आपल्यातले चार उतरवायचे, एका वेळी दोन मैदानात. म्हणजे बदली आहेत! प्रत्येक जिवाला शंभर गुण मिळतात, ते जीव, मार, बचाव आणि वेग यांत आपण वाटून द्यायचे. ज्याचा वेग जास्त तो आधी मारतो. शिवाय प्रत्येकाला चारच डाव शिकवता येतात, आणि डाव तर पन्नासएक असतात. खरी डोकेफोड ती आहे. एकदा सामना सुरू झाला की हे गुण आणि डाव बदलता येत नाहीत.

माझा लाडका विजेचा मुंगूस. त्याला सत्तर वेग आणि तीस मार दिलाय, बाकी शून्य. इतर पाचही साधारण तसेच. तरी सलग चौदा सामने हरले. स्वीटी म्हणते, "तुये सगळे पहिल्याच फटक्यात काऊन मरते?" १७ ऑगस्टला वर्ध्यात एका हॉलमध्ये स्पर्धा आहे, बत्तीस जण खेळणार आहेत. मी नाव दिलं.

तुला काय वाटतं ते कळव. सर्वांना नमस्कार.

तुझी,
मंजुषा


कारंजा (घाडगे)
१७ जुलै २०२५

चि. मंजुषास, आत्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि कागदावर सहा चौकोन काढून बसले. शेजारच्या आनंदाबाईला वाटलं मी शेताची वाटणी करून राह्यली.

आता माझे प्रश्न. आपल्या सात जणींत चढाईला जाणाऱ्या दोन-तीन, बाकीच्या धरणाऱ्या. तुझे सहाही जण चढाईला निघाले, मग घर कोण सांभाळतं? दुसरं, मुंगसाला सत्तर वेग कशासाठी? समोरचा पन्नासने धावत असेल तर एक्कावन्न पुरतो ना? वरचे एकोणीस वाया नाही का गेले? ते जीवात टाकले तर एक फटका खाऊन तरी उभा राहील. पण समोरच्याचा वेग आधी कळतो तरी का? नसेल कळत तर माझं म्हणणं फुकट आहे, तसं स्पष्ट सांग.

आणि त्या पन्नास डावांतले मारायचे नसलेले कोणते? पोरींना नेहमी मारूनच यायचं असतं. कधी नुसतं रेषा शिवून जिवंत परत येणं हासुद्धा डाव असतो, हे शिकवायला मला वर्ष लागायचं. तुला तर दोन लागली होती.

लवकर लिही. मला झोप येईना.

विमलआत्या


सावंगी (मेघे)
२७ जुलै २०२५

ती. स्व. आत्यास शि. सा. न.

एकोणीस नाही, पण सतरा गुण खरंच वाया जात होते! सगळ्या जिवांचे वेग लिहिलेली यादी मिळते. स्वीटीने ती कागदावर उतरवून भिंतीला चिकटवली. नेहमी समोर येणारा सर्वांत वेगवान म्हणजे ससाणा, त्याला लोक बावन्न देतात. मी मुंगसाला त्रेपन्न दिले, मार तीसच ठेवला आणि उरलेले सतरा जीवात घातले. आता तो एक फटका खाऊन उभा राहतो. उभा राहिलेला पाहून मी खोलीत ओरडले, तर घरमालकीण धावत वर आली.

न मारायचे डावही शोधले. 'थांब' नावाचा एक आहे, त्या फेरीत आपल्याला काहीच लागत नाही. पण खरी गंमत 'उलटी चाल' नावाच्या डावात आहे. तो टाकला की पाच फेऱ्यांपर्यंत सगळं उलटं होतं, जो हळू तो आधी मारतो. माझ्याकडे एक दगडी कासव पडून होतं, मी कधी उतरवलंच नव्हतं. त्याला वेग शून्य ठेवला, सगळे गुण मार आणि बचावात. उलटी चाल लागली की त्याच्याआधी कुणीच मारू शकत नाही. बारापैकी नऊ सामने जिंकले.

आत्या, तू एवढे प्रश्न विचारलेस, आता माझा एकच. जानेवारीतल्या त्या अंतिम सामन्यात, शेवटच्या चढाईला तू मला का पाठवलंस? बदली चढाईवाली सुरभी बाकावर बसली होती. मी लंगडत होते.

हे लिहून पाकीट बंद करते आहे, नाहीतर खोडून टाकीन.

मंजुषा


कारंजा (घाडगे)
३ ऑगस्ट २०२५

चि. मंजुषास,

आशीर्वाद लिहायचा हक्क आहे की नाही कळत नाही, तरी आहेत.

तुझा प्रश्न आला त्या दिवसापासून तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. पहिल्यात लिहिलं होतं की मी तुला विचारलं आणि तू "जमते" म्हणालीस. ते खरं आहे. पण त्याआधीच्या चढाईत तू डावा पाय ओढत परत आलीस, तेही मी पाहिलं होतं. टाइम-आउट शिल्लक होता. सुरभी तयार होती, थोडी कच्ची होती इतकंच. तुझा "जमते" हा शब्द मी झेलला, कारण मला तो हवा होता. माझा तो शेवटचा मोसम होता आणि तालुक्याला कधी करंडक मिळाला नव्हता. मला वाटलं, एकच चढाई आहे.

तुझा गुडघा फिरला तो आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला. करंडक मिळाला. तो मी त्याच आठवड्यात शाळेला देऊन टाकला, घरात ठेववला नाही.

चूक माझी होती. तू लहान होतीस, थांबवायचं काम माझं होतं. मोठ्या माणसाला माफ करायची रीत आहे म्हणून माफ करू नकोस.

स्पर्धेला कासवाला 'थांब' शिकवणार आहेस का? उत्तर नाही दिलंस तरी समजेन.

विमल


सावंगी (मेघे)
१९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. विमलआत्यास, मंजुषाचा शि. सा. न.

तुझं पत्र आल्यावर मी खूप चिडले. मला वाटलं होतं तू काहीतरी कारण देशील आणि मग मला आरामात भांडता येईल. तू कारणच ठेवलं नाहीस. दोन दिवस खेळही उघडला नाही. व्यायामाला मात्र गेले, नाहीतर तिथल्या बाई रागावतात.

रविवारी तू येशील असं ध्यानीमनी नव्हतं. दुसरी फेरी चालू असताना सहज मान वर केली, तर तिसऱ्या रांगेत तू, मांडीवर पिशवी, आर्वीवरून दोन एसट्या बदलून आलेली. मी न पाहिल्यासारखं केलं. पण तुला सांगते, तो सामना मी तू आल्यावरच जिंकले.

शेवटच्या आठांतला सामना का हरले ते तू बसल्याजागीच ओळखलं असशील. तो हिंगणघाटचा ताराचंद. मी उलटी चाल टाकली, त्याने मारलंच नाही. एका फेरीत थांब, दुसऱ्या फेरीत गडी बदल, असं करत पाचही फेऱ्या नुसत्या काढल्या. फेऱ्या संपल्या आणि माझं कासव परत सगळ्यांत शेवटी. मग काय, झोडपलं. चिडायला हवं होतं, पण मला हसू आलं. इतकं साधं कसं सुचलं नाही? हॉलबाहेर त्याने मला त्याच्या सहाही जिवांचे गुण दाखवले आणि मी कासवाचे. अर्धा तास आम्ही पायरीवर उभे होतो. उभी राहू शकले, हे तू पाहिलंस का?

मग तुला बसस्टँडवर सोडायला आले. पूर्ण रस्ता तू ताराचंदबद्दलच विचारत होतीस, कासवाला थांब का शिकवला नव्हता, आणि आम्ही दोघीही दुसरं काही बोललो नाही. तू खिडकीशी बसलीस तेव्हा मी खालून काहीतरी म्हटलं. गाडी सुरू झाली होती. तू हात कानाला लावून विचारलंस, मी 'काही नाही' अशी मान हलवली, आणि गाडी गेली.

काय म्हटलं होतं ते लिहिते. "आत्या, मले राग हाय. बरेच दिवस राहीन तो. पण तू येत जाजो."

उत्तर पाठव, आणि येशील तेव्हा दोन दिवस राहायच्या तयारीने ये.

तुझी,
मंजुषा