उतारावर कुणीही मशीनवर बसू नये

परमेश्वराला स्मरून आणि चष्मा पुसून मी हे लिहायला बसले आहे. मी मॅट्रिक पास, वय एकाहत्तर, वजनकाट्यावरच्या कारकुनाची विधवा, एका मुलाची व एका मुलीची आई. माझी बुद्धी शाबूत आहे. नसती तर गेल्या दोन महिन्यांत मला गुंडाळणे लोकांना इतके जड गेले नसते. हे मी कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणायला बरेच जण येऊन गेले, त्यांची माहिती पुढे त्या त्या कलमात येईल. डॉक्टरांनी आज सकाळी मला तपासून दाखला दिला, तो सोबत टाचला आहे.

मजकूर माझ्या स्वतःच्या हातचा आहे. टाइप करायला दिला असता तर टायपिस्टाला कळला असता, आणि टायपिस्टाला कळले म्हणजे गावाला कळले. पाने सहा. प्रत्येक पानाखाली सही आहे. जिथे ओळ अर्धी सुटली तिथे आडवी रेघ मारली आहे, म्हणजे मागाहून कुणाला काही घुसवता येणार नाही. सातवे पान निघाले तर ते खोटे समजावे.

कलम १. मिळकत. राहते घर, शेड व भोवतीची अकरा एकर जमीन. तिच्यात पीक नाही. झाडे आहेत, गवत आहे आणि घरामागे ओढ्यापर्यंत उतरत जाणारा उतार आहे. यजमानांनी तीस वर्षे लोकांचे ट्रक वजन करून ही जमीन घेतली. त्याच उतारावर गवत कापताना ते मशीनखाली गेले. त्याला नऊ वर्षे झाली. त्यानंतर मी माणसे लावून गवत कापून घेत होते. आता माणसे मिळत नाहीत आणि गवत खिडकीला टेकले आहे. म्हणून बसून चालवायचे नवे मशीन घ्यायचे ठरले, आणि त्या खरेदीत कोण या जमिनीकडे कुठल्या नजरेने बघतो ते मला दिसले. माझी इच्छा दोनच गोष्टींची आहे. जमिनीचे तुकडे पडू नयेत, आणि त्या उतारावर आणखी कुणाचा जीव जाऊ नये.

कलम २. मशीनचा दुकानदार, ज्याला मी मनात गोडबोल्या म्हणते. हा पहिल्याच वाक्याला मला मावशी म्हणाला. मी त्याच्या आईची बहीण नाही. गवत किती, झाडे किती, चढ किती, यातले काही विचारण्याआधी त्याने विचारले, "जमीन कुणाच्या नावावर आहे?" गवत कापायला सातबारा लागतो हे मला नवीनच होते.

"मावशी, हे मशीन नाही, सोफा आहे सोफा! बसा आणि फिरा."

"सोफा माझ्या घरात आहे. तो उतारावरून घसरत नाही," मी म्हणाले.

मशीनच्या पुस्तकात बारीक अक्षरात लिहिले होते की पंधरा अंशांहून जास्त उतारावर चालवू नये. मी त्यावर बोट ठेवले. तो हसून म्हणाला, "ते वकिलांसाठी लिहितात हो!" ज्याला आपल्याच मालाचे पुस्तक खोटे वाटते, त्याचा माल कसा असेल? त्याने मला फुकट दिलेली टोपी व किल्लीची साखळी माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहे. ती त्याला पोच घेऊन परत करावी. मिंधेपण घेऊन मला वर जायचे नाही.

कलम ३. थोरला मुलगा. माझी बँकेतली सर्व शिल्लक व शहरातली भाड्याने दिलेली खोली त्याला द्यावी. ही वाटणी कमी नाही, हे त्याला ठाऊक आहे. जमीन त्याला का नाही, ते लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर तो म्हणेल बहिणीने कान भरले.

त्याने निवडले ते साठ इंची पात्यांचे, जागच्या जागी गिरकी घेणारे, दोन दांड्यांनी चालवायचे मशीन. माझ्या झाडांमधल्या सर्वांत अरुंद वाटा चार फुटांच्या आहेत. साठ इंच म्हणजे पाच फूट, हे मॅट्रिकलाही येते.

"दोन-चार झाडं काढू की आई, त्यात काय?"

तिसऱ्या दिवशी फाटक करणारा लोहार दारात. "आजी, थोरल्या साहेबांनी फोनवर चौदा फुटी फाटकाचं माप दिलंय. पक्कं ना?"

उंदीर आत घ्यायला हत्तीचे दार! मी मुलाला विचारले, "मशीन पाच फुटांचं, मग फाटक चौदा फुटांचं कशाला रे?"

"पुढेमागे ट्रक आत आणायला लागला तर?"

"ट्रक कशाला येईल इथं?"

"आई, तू गेल्यावर हे सगळं कोण बघणार? मी शहरातून येऊन गवत कापत बसू?"

"मग मशीन कुणासाठी घेतोयस?"

तो म्हणाला, "गवत कापलेलं असलं की जमीन डोळ्यांत भरते." कुणाच्या डोळ्यांत, ते मी विचारले नाही. तो खोटे बोलला नाही, हे त्याच्या नावावर जमा धरते. पण जमीन विकण्यासाठी सजवणाऱ्याच्या हाती मी ती देणार नाही.

कलम ४. सुनेला माझ्या चारही बांगड्या. तिने त्या कधी मागितल्या नाहीत, म्हणून मला अठरा वर्षे संशय होता. आता वाटते की तिला त्या खरोखरच आवडत नसाव्यात. तरी घ्याव्यात.

कलम ५. धाकटी लेक. ही बस चालवते. रोज पन्नास माणसे पोटात घेऊन घाट चढते-उतरते. मशीनचे नाव निघाल्यापासून ती दर रविवारी येऊ लागली. नऊ वर्षांत जी दोन महिन्यांतून एकदा यायची, ती दर रविवारी! माझा संशय बळावला. पहिल्या रविवारी तिने टेपने शेडचे दार मोजले, मग झाडांमधले अंतर, मग उतारावर फळी ठेवून तिच्यावर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी केली व कागदावर काहीतरी उतरवले. मी खिडकीतून सगळे बघत होते. हिस्से पाडायला मोजते आहे, अशी माझी खात्री झाली. ती परसात गेल्यावर मी तिच्या पिशवीतला कागद काढून वाचला. हे मी देवासमोर कबूल केले आहे, इथेही करते. त्यावर लिहिले होते: "बेचाळीस इंच पुरे. उतार बावीस अंश. कुठलंच नको."

ती आली तेव्हा कागद माझ्या हातातच होता.

"वाचलास? बरं झालं, माझं सांगणं वाचलं," ती म्हणाली.

"कुठलंच नको म्हणजे? मशीन घ्यायचं नाही?"

"सपाटीवर घ्यायचं. उतारावर कुठलंही न्यायचं नाही. तिथलं गवत वाढू दे. त्याला कोण विचारतंय?"

"तुझे बाबा दर आठवड्याला कापायचे तिथलं."

"हो ना," ती म्हणाली आणि फळी शेडला टेकवून ठेवली.

पुढच्या रविवारी गोडबोल्या ट्रॉलीवरून साठ इंची मशीन घेऊन आला. थोरलाही आला होता. बहीण नको नको म्हणत असताना तो हट्टाने मशीन घेऊन उतारावर गेला. पुढची दोन चाके हवी तिकडे वळणारी, नुसती लोळत होती, ती जमीन कसली धरणार! मशीन आडवे घसरले, ओढ्याकाठच्या झाडाला अडले, आणि घाबरून त्याने खाली उडी मारली. सीटवरून तो उठला त्याच क्षणी इंजिन गप्प झाले, पातीही थांबली. त्याला खरचटलेसुद्धा नाही. गोडबोल्या ओरडला, "बघा मावशी, किती सेफ!" तो मुलाकडे धावला. मी एकटी त्या बंद पडलेल्या मशीनकडे बघत उभी होते, आणि माझी लेक माझ्याकडे बघत होती.

ते दोघे गेल्यावर ती शेडमध्ये गेली. नऊ वर्षे ताडपत्रीखाली पडलेले जुने मशीन तिने उघडले. मी दाराबाहेर उभी राहिले.

"आई, सीटखालची जोडणी कुणी केली?"

"कसली?"

"माणूस उठला की इंजिन बंद करणारं बटण असतं. इथं त्याच्या दोन्ही तारा पिळून बांधल्यात. बाबा उडी मारून सुटले असते आई. मशीन थांबलंच नाही."

"पानेवाल्यानं केलं," मी म्हणाले.

पानेवाला म्हणजे आमच्या रस्त्यावरचा मेकॅनिक, यजमानांचा मित्र. नऊ वर्षे मी हेच सांगत आले होते.

"आपणहून केलं त्यानं?"

"आपणहून."

कलम ६. हे कलम खरे आहे आणि मागच्या कलमातला शेवटचा शब्द खोटा आहे.

यजमानांना कापताकापता खाली उतरून फांद्या आणि दगड उचलायची सवय होती. दर वेळी इंजिन बंद, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मला वाटे पेट्रोल वाया जाते. मी पानेवाल्याला सांगितले, ते बटण काढून टाक. तो म्हणाला, "वहिनी, ते जिवाचं बटण आहे. मला सांगू नका." मी पुन्हा सांगितले. तो पुन्हा नको म्हणाला. मग मी म्हणाले, नाहीतर दुसऱ्याकडे नेते. तेव्हा त्याने तारा जोडल्या आणि म्हणाला, "साहेबांना सांगा हं, आता हे थांबणार नाही." मी सांगितले नाही. ते रागावून पुन्हा पूर्ववत करून घेतील, या भीतीने सांगितले नाही. तारा जोडल्यावर पहिल्यांदाच ते कापायला गेले ते थेट उतारावर; मशीन घसरले, आणि त्यांनी उडी मारली ती मशीन थांबेल या भरवशावर.

तेराव्या दिवसाच्या आत मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले की पानेवाल्याने मशीन बिघडवले. लोकांनी त्याच्याकडे जाणे बंद केले. त्याचे दुकान मिटले. आता तो दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पात्यांना धार लावतो. मी जगात प्रत्येकावर संशय घेतला, कारण एकदा का सगळे संशयित झाले की आपल्याकडे कुणी बोट दाखवत नाही.

लेक शेडमध्ये विचारून गेली त्या रात्री माझी जपमाळ नुसती बोटांतून फिरली. दुसऱ्या दिवशी मी त्या वर्कशॉपमध्ये गेले. त्याने धार लावायचे चाक बंद केले.

"बसा वहिनी. नऊ वर्षं पलीकडच्या फुटपाथवरनं जाता. आज इकडून कशा?"

मी म्हणाले, "तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"तुमचा माणूस गेला होता. आणखी काय काढून घ्यायचं तुमच्याकडून?"

घरी येऊन मी लेकीला बोलावून घेतले व सगळे सांगितले. बसची वेळ झाली म्हणून ती निघून गेली, आणि पुढच्या रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आली, तेव्हा बरोबर पानेवाला होता. दोघांनी मिळून जुने मशीन खोलले व पाती काढून ते भंगारात दिले. मी दोघांना पाणी दिले. तिने माझ्याकडे न बघता पेला घेतला, पण घेतला.

कलम ७. शेडमागची पाऊण एकर जागा व यजमानांची सगळी हत्यारे पानेवाल्याला द्यावीत, त्याने तिथे दुकान काढावे. (हे कलम मी रेघ मारून रद्द केले आहे. शेजारी माझी सही आहे. कारण कलम ९ मध्ये.)

कलम ८. घर, शेड व संपूर्ण जमीन धाकट्या लेकीला. तुकडा पाडू नये, विकू नये. फाटक आहे तेवढेच राहील. थोरल्याला या घरात केव्हाही येऊन राहता येईल. त्याला दार लावू नये. मशीन बेचाळीस इंची, साध्या चाकाने वळवायचे, पानेवाल्याने तपासून पसंत केलेले, माझ्या हयातीतच घ्यावे. सीटखालचे बटण दर महिन्याला तपासावे: इंजिन चालू असताना सीटवरून उठून बघावे, थांबले तरच कापायला घ्यावे. उतारावर खुंट ठोकून तार ओढावी आणि तिच्या पलीकडे कुणीही, कितीही शहाणा असला तरी, मशीन नेऊ नये. तिथले गवत जेवढे वाढेल तेवढे वाढू द्यावे. लेक तेल वेळेवर बदलेल की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे. तिने ती शंका कामाने दूर करावी.

कलम ९. अंमलबजावणी वकिलांनी करावी, फी आधी ठरवून. साक्षीला मी पानेवाल्याचेही नाव सुचवले होते, पण कलम ७ वाचल्यावर त्यांनी सांगितले की ज्याला काही मिळणार तो साक्षीदार होऊ शकत नाही. मी हे पानेवाल्याच्या कानावर घातले. तो म्हणाला, "मग जागा राहू द्या वहिनी. मला सही करू द्या. सहाव्या कलमाखाली कागदावर माझं नाव असू दे." मी पुष्कळ समजावले, जागेची किंमतही सांगितली. ऐकले नाही. म्हणून कलम ७ रद्द.

यापूर्वी मी एखाद्या चिठ्ठीवर याहून वेगळे काही लिहिले असेल तर ते आजपासून कुणी धरू नये. हे मी वाचून पाहिले, मला कळले, आणि माझ्या मनासारखे आहे.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक ९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

सही (लिहून देणार)

साक्षीदार १: डॉक्टर. लिहून देणार यांनी माझ्यासमोर, शुद्धीत सही केली. सही.

साक्षीदार २: पात्यांना धार लावणारा, पूर्वीचा मेकॅनिक. सही माझ्यासमोर झाली. सहावं कलम दोनदा वाचलं. बरोबर आहे. तारा शेवटी माझ्याच हातानं जोडल्या, ते वहिनींच्या नावावर घालू नये. सही.